आबांच्या दाढीचा उंची साबण

माझ्या धाकट्या भावानं आबांसाठी दाढीचा साबण पाठवला, तेव्हा आबांना माझ्याकडे येऊन सहा महिने झाले होते आणि भाऊ एकदाही आला नव्हता. आमच्या वडिलांना, म्हणजे आबांना, गावी बावड्यात अर्धांगाचा झटका आला. डावा हात, डावा पाय गेला, तोंड डावीकडं ओघळलं. दवाखान्यातून मी त्यांना सरळ जळोचीला माझ्या घरी आणलं. भावानं पुण्यातून दोन दिवस फोनवर हळहळ केली आणि मग कुरिअर सुरू केलं. कधी पाय चेपायचं मशीन, कधी बदाम, कधी मानेची उशी. माणूस सोडून सगळं येत होतं.

त्या खोक्यात लाकडी वाटी होती, जाड केसांचा ब्रश होता आणि कागदात गुंडाळलेली साबणाची वडी. सोबत चकचकीत माहितीपत्रक. हा साबण उंची का, ते त्यात इंग्रजीत चार पानं लिहिलं होतं. मी ते आबांना मराठीत सांगितलं, मुद्दाम जाहिरातीच्या सुरात. हा साबण हातानं ओततात. मशीनवर कापत नाहीत. चंदनाचं खरं तेल घालतात. मग महिनोन्महिने लाकडी फळीवर पिकायला ठेवतात.

"पिकाय ठिवत्यात?" आबा म्हणाले. "आंबं हायती का काय?"

बोलणं जड झालं होतं, पण जीभ शाबूत होती. आम्ही दोघं हसलो. भावाच्या वस्तूला आम्ही दोघांनी मिळून हसण्याची ती पहिली आणि शेवटची वेळ.

कारण साबण चांगला निघाला, आणि त्याचाच मला जास्त राग आला. आबांची दाढी म्हणजे अर्ध्या तासाचं काम. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला तेवढा वेळ नसायचा. माझ्या नवऱ्यानं एकदा हात घातला आणि हनुवटीला चीर पाडली. तेव्हापासून ते काम माझ्याकडं आलं. बावड्यात लेकीनं बापाची दाढी केलेली कुणी बघितली नसेल. सैल पडलेला गाल एका हातानं ताणायचा, दुसऱ्या हातानं रेझर फिरवायचा. डावीकडं ओठ मिटत नाही, म्हणून फेस तोंडात जायचा, तो सारखा टिपायचा. ट्यूबमधलं क्रीम मी गळ्यापर्यंत पोचेस्तोवर वाळून पापुद्रा व्हायचं. ह्या साबणाचा फेस मात्र सायीसारखा बसायचा आणि शेवटपर्यंत ओला राहायचा. उंची म्हणजे काय, ते चार पानांत नव्हतं, ते माझ्या बोटांना कळलं. ज्याच्यामुळं घाई करावी लागत नाही, ते उंची.

आबा डोळे मिटून बसायचे. संपलं की उजव्या हातानं गाल चाचपायचे. गावाकडून कुणी भेटायला आलं की म्हणायचे, "हात लावून बगा. धाकट्यानं धाडलंय." पाहुणे खरंच हात लावून बघायचे आणि मान डोलवायचे. मी आत चहा टाकत असायचे. अंघोळ मी घालत होते, चादरी मी धूत होते, रात्री कूस मी बदलत होते. गालाचं श्रेय तेवढं पुण्याला. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि मी चहात साखर जास्त टाकून बसायचे.

पहिली वडी संपायच्या आत भावानं दुसरी पाठवली. बुधवारी संध्याकाळी मी तिचा कागद सोडवला आणि आतल्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं वाचलं. मी शाळेत विज्ञान शिकवते, ते शब्द मला अडले नाहीत. पहिल्याच ओळीत मेंढीची चरबी होती. तिसऱ्या ओळीत लोकरीतून काढलेलं तेल. फेस एवढा दाट का, त्याचं उत्तर हे होतं.

आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती. आबा तरणेपणी त्यांच्यामागं माणदेशापर्यंत चालत गेलेले. त्याच लोकरीच्या वासामुळं एसटीत लोक आमच्या आजीशेजारी बसायचे नाहीत. आता तोच वास चंदनात बुडवून लाकडी वाटीत आला होता, हे एक. दुसरं मोठं. आई गेल्यावर आबांनी गळ्यात तुळशीची माळ घातली आणि मटणाचं नाव टाकलं. वीस वर्षं झाली. जत्रेत घरोघर बोकड पडायचे तेव्हा आबा रानात भाकरी आणि ठेचा घेऊन बसायचे. ज्या भांड्यात मटण शिजलं त्या भांड्यातलं पाणीसुद्धा घेत नसत.

कागद हातात धरून मी ओट्यापाशी उभी होते, आणि मला आनंद झाला. लपवत नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा भावाची चूक माझ्या हातात आली होती, तीही छापील. मी त्याला लगेच फोन केला असता, पण फोनवर तो गोड बोलून सुटतो. रविवारी तो आबांना व्हिडिओ कॉल करतो. तेव्हाच, आबांच्या समोर, असं मी ठरवलं. शुक्रवारी आबांची नेहमीसारखी दाढी केली आणि कागद फडताळात जपून ठेवला.

रविवारी मी वेळ साधली. आबांच्या तोंडाला फेस लावला आणि फोन वाजला. मी तो तांब्याला टेकवून समोर ठेवला, आवाज पूर्ण मोठा केला.

"काय आबा, साबण कसा आहे?" भाऊ म्हणाला.

"ते मी सांगते," मी म्हणाले, आणि कागद वाचला. इंग्रजीत वाचला, मग मराठीत सांगितला. एकेक शब्द, वर्गात सांगते तसा.

 भाऊ म्हणाला, "आक्का, मला खरंच माहीत नव्हतं. पण लावायचाच आहे ना, खायचा थोडाच आहे?"

"माळकरी माणसाला काय पाठवतोय ते वाचायचं तरी," मी म्हणाले. "यायला वेळ नाही, वाचायलाही नाही?"

बोलताना मला फार बरं वाटत होतं. त्या भरात मी आबांकडं बघितलंच नव्हतं. बघितलं तर ते जिभेनं ओठाचा डावा कोपरा चाचपत होते. तिथं फेस होता.

"मेंढराची?" त्यांनी मला विचारलं.

"व्हय, आबा."

त्यांनी पंचा मागितला आणि उजव्या हातानं ओठ पुसले, मग जीभ बाहेर काढून तीही पुसली. मग माळेला हात घातला. एका हातानं ती डोक्यावरून निघेना, कानापाशी अडकली.

"काढ," ते म्हणाले.

"आबा, नकळत झालंय. नकळत झालेलं चालतंय."

"काढ म्हनतो न्हवं."

मी माळ काढली. वीस वर्षांत त्यांच्या गळ्यावर तिची फिकट रेघ उमटली होती. आबांनी वडीकडं बघितलं.

"तुला कवा कळलं?"

"बुधवारी."

त्यांनी मनाशी दिवस मोजले. मला ते मोजताना दिसत होते आणि मला उठून आत जावंसं वाटत होतं.

"शुक्करवारी दाढी कशानं केलीस?"

मी लाकडी वाटीकडं बघितलं. फोन अजून चालू होता आणि भाऊ तिकडून ऐकत होता.

"त्येला ठावं नव्हतं," आबा म्हणाले. "तुला ठावं हुतं."

गालांवर उरलेला फेस वाळत आला होता. मी टिपायला पुढं झाले, तर त्यांनी उजव्या हातानं माझा हात बाजूला केला.