तोडफोडताई

हिरवा रंग पाहिला की जगाला बरं वाटतं. आमच्या तोडफोडताईंच्या कपाळावर मात्र आठी पडायची. दुर्गजवळच्या सुपेल्यात टायरच्या दुकानावर आमचं सॉफ्टवेअरचं छोटंसं ऑफिस. प्रोग्राम नीट चालतो की नाही, हे तपासणाऱ्या टेस्ट आपोआप चालायच्या. पास झाल्या की पडद्यावर हिरवं, नापास झाल्या की लाल. आम्ही हिरवं पाहून खुर्चीत रेलायचो आणि ताई मागून म्हणायच्या, "हे ठीक हाय. आता मले लाल करून दाखव." मग स्वतःच बसून चांगला चालता प्रोग्राम मुद्दाम मोडायच्या. टेस्टने ती मोडतोड पकडली तरच तिच्यावर भरवसा. यावरून आमच्यातल्या छत्तीसगढी निषादने त्यांना हे नाव ठेवलं, आणि ताईंनी ते पदवीसारखं मिरवलं.

बाजारातही तीच तऱ्हा. एकदा छत्री घ्यायला मी सोबत होतो. दुकानदार "एकदम पक्की है दीदी" म्हणाला, तशी ताईंनी छत्री उघडली, डोक्यावर धरली आणि त्याला म्हणाल्या, "डालो पानी." बिचाऱ्याने भर रस्त्यात बादली ओतली. ताई चिंब! "पाह्यलं? घरी नेली असती तर?" असं म्हणून साडी पिळत, खदाखदा हसत त्या दुसऱ्या दुकानाकडे वळल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

ताईंचा नवरा रेल्वेत, माणसं नागपूरकडची, घर दुर्गला मोहन नगरात. स्कूटीवरून यायच्या, त्या वऱ्हाडी बोलतच जिना चढायच्या. परप्रांतात वाढलेल्या आमच्या पिढीचं मराठी घराच्या उंबऱ्यातच अडकलेलं. ताईंमुळे ते ऑफिसात आलं.

त्या वर्षी आमच्याकडे रक्तपेढीचं काम होतं. मुदत संपलेली रक्ताची पिशवी चुकूनही कुणाच्या अंगात जाऊ नये, यावर आमच्या सॉफ्टवेअरने नजर ठेवायची. त्याच्या टेस्ट ज्या जुन्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, चालत, ते बंद पडत आलं होतं. सगळ्या टेस्ट नव्यावर न्यायच्या होत्या. निषादने झटक्यात त्या नेल्या. दुपारी तो ओरडला, "दीदी, जम्मो हरियर हे!" खरंच, पडदाभर हिरवंगार. साहेबांनी समोसे मागवले. नवं सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी सकाळी देतो, असा शब्द त्यांनी रक्तपेढीला दिला होता.

ताईंनी समोशाला हात लावला नाही. "एवढा खूश कावून होऊन राहिला बे?" म्हणत त्या निषादच्या खुर्चीत बसल्या, आणि मुदत संपलेली पिशवी खुशाल द्यावी, असं प्रोग्राममध्ये लिहून टाकलं. टेस्ट चालवल्या. सगळं हिरवं! निषादचा घास तोंडातच राहिला.

"घ्या! सडलेलं रक्त देऊन राहिलं, अन् हा पोट्टा म्हणते जम्मो हरियर!"

घोळ असा होता: जुनं फ्रेमवर्क प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहायचं. नव्याला 'थांब' असं स्पष्ट सांगावं लागतं, आणि ते सांगायचं राहून गेलं होतं. ते प्रश्न विचारून, उत्तर न ऐकताच पास करत सुटलं होतं. साहेब कळवळले, "ताई, शब्द दिलाय हो." ताई म्हणाल्या, "मंग तो शब्द मोडा. मले सवय हाय, तुम्हीही लावून घ्या."

निषादने मुकाट्याने एकेक टेस्ट नीट केली. ताईंची मोडतोड पकडली गेली, तशी त्यांनी ती काढून टाकली. तरी एक टेस्ट लालच! कंप्युटरचं घड्याळ विलायतेच्या, म्हणजे साडेपाच तास मागच्या, वेळेने चालत होतं. रात्री बाराला मुदत संपलेली पिशवी आमचं सॉफ्टवेअर पहाटेपर्यंत चांगली समजत होतं. ही चूक नुकतीच शिरली होती आणि खोट्या हिरव्याखाली लपली होती. ताईंनी अशी टाळी वाजवली की खालचा टायरवाला वर पाहायला आला. "सापडली रे माय!" मग गार झालेले समोसे त्यांनी एकटीने फस्त केले.

पुढे त्यांच्या नवऱ्याची नागपूरला बदली झाली. निरोपाच्या दिवशी आम्ही केक मांडला, ताईंना झेंडूचा हार घातला. साहेब भाषणाला उभे राहतात तोच रक्तपेढीतले साहूजी धापा टाकत वर आले.

"मैडम, आज भोर में आपके कंप्यूटर ने मुझे थैली देने नहीं दी. बहुत गुस्सा आया. फिर तारीख देखी, आधी रात को ही खतम हो गई थी! दूसरी निकालकर दी." त्यांनी घाम पुसला. "डिलिवरी का केस था. माँ ठीक है. लड़की हुई है. घरवाले आपको बुला रहे हैं."

ताईंचे डोळे भरून आले. "पोट्टे हो, केक तुम्हीच कापा," एवढं कसंबसं म्हणून त्या जिना उतरल्यासुद्धा. उत्सवमूर्तीच पळाली; साहेबांनी आपलं भाषण रिकाम्या खुर्चीला ऐकवलं.

आम्ही खिडकीशी धावलो. चौकातल्या गर्दीत साहूजींच्या स्कूटरवर मागे ताई बसल्या होत्या. एका हाताने त्यांचा खांदा धरून दुसऱ्या हाताने त्या गळ्यातला हार काढत होत्या. बाळाला टोचेल म्हणून.