पुतळीने झाडलेली वाट

आमच्या मोखाड्याकडच्या पाड्यावर सगळ्यात भांडखोर बाई पुतळी. दुसरा नंबर माझा. ती तोंड उघडते तेव्हा कोंबड्यासुद्धा शेजारी राहायला जातात, हे मी तिला तोंडावर सांगते.

तिची सून सुषमा पौषात गेली. कळा सुरू झाल्या, पाड्यापर्यंत गाडी येत नाही, म्हणून झोळीत घालून डांबरी रस्त्याकडे निघाले. ओहोळापाशीच बाळंत झाली आणि तिथंच गेली. पोरगी जगली. तिला शेजारची चैती स्वतःच्या पोराबरोबर पाजायला लागली.

बाळंतीण गेली की आमच्यात मसणापासून घरापर्यंतच्या वाटेवर नाचणी टाकतात. हडळ घरी यायला निघते, दाणे वेचत बसते, तोवर उजाडतं. जगन भगताने टाकली. सकाळी पुतळीने खराटा घेतला आणि वाट लख्ख झाडून काढली.

पाडा चवताळून तिच्या अंगणात आला.

"काकी, तिचा जीव पोरीत अडकलाय," जगन म्हणाला. "ती पोरीला न्यायला येणार."

"आई आहे. बघायला आली तर येऊ दे की."

कालेजात जाणारा हरेश म्हणाला, "भूत नसतं काकी. ओहोळावरचे बांबू घासतात, ते कण्हल्यासारखं वाटतं."

"ती कण्हत होती तेव्हा कुठं होतास रं तू? बांबू ऐकत?"

मला विचाराल तर हडळ कशाने होते ते मी सांगते. डांबरी रस्त्यालगतच्या पाड्यांवर इतक्या वर्षांत नवी हडळ झालेली ऐकली नाही. आमच्याकडेच होतात त्या. रस्ता मागायला गेलो की साहेब म्हणतो, बघू. त्याच्या बघू-बघूतून आमच्या हडळी जन्मतात. त्याच्या दारात टाका ना नाचणी.

तेवढ्यात चैतीचा नवरा रमेश पुढे झाला. मुंबईला उंच परांचीवर बिनधास्त चढणारा गडी, इथं मेलेल्या सुषमाला घाबरला.

"दाणे टाक, नाहीतर चैती तुझ्या घरात पाय ठेवणार नाही."

आत पोरगी भुकेने रडत होती. पुतळी रमेशकडे बघत राहिली. मग आत गेली, सूप भरून नाचणी आणली आणि वाटेवर मुठी-मुठीने ओतायला लागली.

"काकी, चिमूट-चिमूट पुरते," जगन म्हणाला.

"उपाशी गेली ती," पुतळी म्हणाली. "आता तरी पोटभर वेचू दे."

चैती रमेशला खांद्याने बाजूला सारून आत गेली.