पडद्यावर मागे कुणी नाही

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला ऑफिसात सगळे ‘चालतंय’ म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण भावोजींना ते माहीत आहे आणि त्यांना त्याचं कौतुकही वाटतं, यावरूनच माणूस ओळखावा. कुठलीही तक्रार घेऊन जा, खुर्ची न वळवता उत्तर येतं, “माझ्याकडे चालतंय.” घरीही तेच. स्वयंपाकघरातला नळ महिनोन् महिने गळत होता. ताईने शेवटी त्याखाली बादली ठेवली, तर म्हणाले, “बघ, आता चालतंय.”

आम्ही दोघं एकाच कंपनीत आहोत. बसच्या मागे लावायचे कॅमेरे आम्ही बनवतो. बसचालकाने रिव्हर्स टाकला की मागचं दृश्य समोरच्या पडद्यावर दिसतं. कॅमेऱ्याची आणि आतल्या छोट्या कॉम्प्युटरची ओळख करून देणारा प्रोग्राम भावोजी लिहितात. तो तपासायचा हे माझं काम, म्हणजे घरचं दुखणं मी ऑफिसातही सांभाळते.

या कामाचा सगळा जीव एका लहानशा फाइलीत असतो. कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा सेन्सर कुठल्या पोर्टला, म्हणजे कुठल्या खाचेला, जोडलाय, तारांच्या किती जोड्यांवरून चित्र पाठवायचं, किती वेगाने, हे तिथे लिहायचं. तेही दोन्ही टोकांना, सेन्सरच्या बाजूला आणि प्रोसेसरच्या, म्हणजे त्या छोट्या कॉम्प्युटरच्या, बाजूला. तारा खरोखर कुठून कुठे गेल्यात हे कॉम्प्युटर बघायला जात नाही, आपण लिहू ते तो मुकाट्याने मानतो. म्हणून हे सगळं ज्यावर बसवलेलं असतं त्या बोर्डाचा नकाशा आधी बघावा लागतो. नकाशा शेजारच्या खोलीत, हार्डवेअरवालीकडे. तिच्याकडे जायचं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल करायचं, आणि ते भावोजींच्या अगदी जिवावर येतं.

तेव्हा त्यांनी नेहमीप्रमाणे आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या. मागच्या बोर्डाची फाइल उचलली, वरचं नाव बदललं, आणि चहाला गेले. नोकरी सोडून गेलेल्या कुणीतरी त्या फाइलीत ‘हे नंतर नीट करू’ असं लिहून ठेवलं होतं, तेसुद्धा तसंच्या तसं नव्या फाइलीत आलं. मागच्या बोर्डावर तारांच्या दोनच जोड्या होत्या. नव्यावर चार आहेत, कारण नवा कॅमेरा मोठं चित्र पाठवतो. फाइलीत मात्र दोनच राहिल्या. चौघांचं ओझं दोघांच्या डोक्यावर दिलं, तर गार खोलीत ते कसंबसं वाहतात. उन्हात बस तापली की त्यांना ते झेपेनासं होतं, चित्र फाटतं आणि पडदा काळा पडतो.

पडदा काळा पडतो अशी तक्रार मी केली. “माझ्याकडे चालतंय,” असं उत्तर आलं. त्यांच्याकडे म्हणजे एसीखाली, टेबलावर. पुढे साहेबांनीच एकदा बसमध्ये बसून काळा पडदा बघितला, तेव्हा कुठे खुर्ची वळली. दुसऱ्याच दिवशी काळा पडदा गायब. साहेबांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. मला मात्र तेव्हाच शंका आली, कारण एका दिवसात काही दुरुस्त करणारे भावोजी मी आजवर पाहिलेले नाहीत.

त्या दुपारी मी आवारातल्या चाचणीच्या बसमध्ये होते; तिथला पडदा रिव्हर्स न टाकताही चालू ठेवता येतो. ताई भावोजींचा विसरलेला चष्मा घेऊन आली, बसच्या मागेच स्कूटर लावली, खिडकीतून चष्मा माझ्या हातात दिला आणि निघून गेली. तिला फाटकाबाहेर पडताना मी डोळ्यांनी बघितलं. पडद्यावर तिची स्कूटर अजून उभी होती. मी चष्मा हातात धरून बघत राहिले, आणि मग डोक्यात प्रकाश पडला. चित्र फाटलं की या माणसाचा प्रोग्राम शेवटचं चांगलं चित्रच दाखवत बसतो. माझा असा संताप झाला. काळा पडदा निदान खोटं बोलत नव्हता.

मी तडक त्यांच्या टेबलापाशी गेले.

“भावोजी, पडदा जुनं चित्र दाखवतोय.”

“काळा पडला की गिऱ्हाईक घाबरतं. म्हणून केलंय.”

“आणि तेवढ्यात बसच्या मागे कुणी आलं तर?”

“आरसे असतात की त्याला.”

“मग आपण कॅमेरे कशाला विकतोय?”

“तुला खुसपटं काढायची सवयच आहे.”

“दोनच्या जागी चार लिहा, दोन्ही टोकांना. जोडीमागे वेग कमी करा. एवढंच आहे.”

त्यांनी आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. “मग आधीचं चुकलं होतं असं होईल.”

एवढ्यावर सगळं अडलं होतं. माझी सही झाली की हे कॅमेरे डेपोतल्या सगळ्या बसना लागणार होते, आणि डेपोत बसच्या मागून दिवसभर माणसं जात-येत असतात. त्यातलं कुणी चिरडलं गेलं तरी चालेल, पण आधीचं चुकलं होतं असं होता कामा नये.

संध्याकाळी ताईचा फोन आला. “सही करून टाक ना. त्यांची बढती अडकलीय. घरच्या माणसाला तरी सांभाळून घ्यावं.”

“तुला काय सांगितलंय त्यांनी?”

“तू जळतेस म्हणाले.”

मी फोन ठेवला. साहेबांकडे गेले, तर त्यांचं एकच पालुपद, घरची भांडणं ऑफिसात आणू नका. मी म्हटलं, “नाही आणत. सही करते. फक्त एकदा मी बसचालकाच्या जागेवर बसते, आरसे झाकते, आणि भावोजींना मागे उभं करा. पडद्यावर कुणी दिसलं नाही, तर मी बस मागे घेणार.”

भावोजी हसत तयार झाले. साहेबांसमोर दुसरं काय करणार? दुसऱ्या दिवशी बस सकाळपासून उन्हात उभी होती, पडदा मी चालूच ठेवला होता. ते छाती काढून बसमागे गेले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. ताई त्यांना न्यायला आली होती, ती फाटकापाशी थांबून बघत होती; कसली परीक्षा आहे ते मी तिला सांगितलं होतं. साहेब माझ्या शेजारी, पडद्यात डोकं घालून.

“कुठे आहेत हे?” साहेब म्हणाले. पडद्यावर रिकामं आवार होतं.

“मागेच आहेत. रिव्हर्स टाकते.”

मी फक्त चावी अर्धी फिरवून गिअर टाकला. इंजिन सुरूसुद्धा केलं नव्हतं, आणि खरं तर मला बस चालवताच येत नाही. पण मागचा भोंगा वाजायला लागला, आणि भावोजींनी जी उडी मारली ती थेट भिंतीपर्यंत. चष्मा कुठे पडला तेही त्यांना कळलं नाही. साहेबांनी खिडकीतून मागे बघितलं, मग पुन्हा पडद्याकडे. तिथे उभे असलेले भावोजीही नव्हते आणि पळालेले भावोजीही नव्हते.

मी भोंगा बंद केला. ताई सावकाश आत आली, वाकून चष्मा उचलला, पदराने पुसला आणि त्यांच्यापुढे धरला.

“पळालात कशाला?” तिने विचारलं. “चालतंय ना?”

भावोजी भिंतीला पाठ टेकून उभे होते. चष्मा घ्यायला त्यांनी हात पुढे केला नाही.