चाळीतला साहेबी बंगला

आमच्या लालबागच्या चाळीत गणपतीला दरवर्षी देवळाचाच देखावा. यंदा देखाव्याचं काम माझ्याकडे आलं आणि मी जाहीर केलं, विलायतेतल्या उमरावाचा जुना बंगला करणार. आमच्या आजोबा-पणजोबांनी गिरणीत साहेबाची चाकरी केली, आता साहेबाच्या घरात आमचा बाप्पा बसेल. टाळ्या पडल्या. मी चढलो.

महिनाभर प्लायवूड कापलं. मधोमध दार, दोन्ही अंगांना सहा-सहा खिडक्या, दारापुढे चार खांब, त्यांच्यापुढे रुंद पायऱ्या, खांबांवर त्रिकोणी माथा, छपरावर आठ धुराडी. डावीकडे जे, ते तसंच्या तसं उजवीकडे. त्या बंगल्यांची सगळी ऐट त्यातच.

"गिरणी बांधलीस काय रे?" धुराडी बघून अध्यक्ष काका म्हणाले.

"एवढ्या खोल्यांत राहतं कोण?" पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं.

"नवरा-बायको."

"अगो बाई! भांडायला एकमेकांना सापडतात तरी का?"

आगमनाच्या दिवशी ताशे वाजवत मूर्ती आणली आणि दारापाशी सगळे थांबले. मूर्ती मी कारखान्यात स्वतः मोजली होती. चौरंग मोजायचा राहिला. चौरंगावर बाप्पा ठेवला तर मुकुट थेट त्रिकोणात घुसत होता.

"मेल्या, आता गणपती खंय बसतलो?" काका कडाडले. "आण करवत. तो माथा काप."

"नाही कापणार."

"चूक कोणाची?"

"माझीच. शंभर टक्के माझी. तरी नाही कापणार." मी खांबाला पाठ लावून उभा राहिलो. माथा गेला की बंगला गेला, मागे उरते ती पोस्टाची कचेरी. करवत घेतलेला कार्यकर्ता माझ्याकडे आणि काकांकडे आळीपाळीने बघत होता.

तेवढ्यात गॅलरीतून काकूंचा आवाज आला, "बाहेरच बसवा की पायऱ्यांवर! आपण तरी कधी घरात बसतो? सगळी चाळ दारातच असते."

काकांनी पायऱ्या पाहिल्या, मूर्ती पाहिली, मला शेवटी पाहिलं. "उचला रे," ते म्हणाले.

बाप्पा पायऱ्यांवर बसला, मागे अख्खा बंगला, एकही ओरखडा नाही. रांगेतले लोक विचारायचे, बाप्पा आत का नाही? मी छाती काढून सांगायचो, "मालक आहे. वाटेल तिथे बसेल."