आक्काची बुक्की आणि गाडीची डावी दांडी

आधीच सांगून ठेवतो, भुतंखेतं, चकवा, करणी असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. शाळेत पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी उभी हयात गेली. वर्गात कुणी भुताची गोष्ट काढली, तर मी त्याला फळ्यापाशी बोलावून घर्षणाचे नियम म्हणायला लावत असे. तेव्हा हे वाचून "मास्तर म्हातारपणी चळले" असं कुणा जुन्या विद्यार्थ्याला वाटलं, तर माझी तक्रार नाही. घडलं तसं लिहितो.

काळ दुसऱ्या महायुद्धाचा. आम्ही नगरला राहायचो. बाबा वकील होते. छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाची बदली झाली, तेव्हा त्याची जुनी विलायती मोटार बाबांनी घेतली होती. पेट्रोल कुपनावर मिळायचं, म्हणून गाडी फिरायची कमी आणि पुसली जायची जास्त. बाबांना गाडी चालवता येत नसे. मी नुकताच कॉलेज संपवून घरी आलो होतो, त्यामुळे चाक माझ्या हातात आलं.

आजच्या मुलांना त्या गाडीचा इंडिकेटर समजावून सांगावा लागेल. लुकलुकणारे दिवे तेव्हा नव्हते. पुढच्या आणि मागच्या दाराच्या मधल्या खांबात एक खाच असे, तिच्यात वीतभर लांबीची दांडी मिटून बसलेली. मी बटण फिरवलं की ती दांडी टपकन आडवी बाहेर यायची आणि तिच्यातला पिवळा दिवा लागायचा. म्हणजे गाडी त्या बाजूला वळणार. उजवी दांडी शहाणी होती. डावी मात्र मनात आलं तर बाहेर यायची, नाहीतर ढिम्म. नगरची धूळ तिच्या सांध्यात बसली होती, असं माझं तेव्हाचं मत.

यावर उपाय शोधला आक्काने. आक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण, माझी आत्या. कमी वयात विधवा होऊन आमच्याकडे आली ती कायमची. सगळं घर तिच्या दराऱ्यात असे आणि मोटारीत मागची डावी जागा तिचीच. दांडी अडली की ती खांबावर अशी एक बुक्की हाणायची की दांडी घाबरून बाहेर पडायची! मग रीतच पडली. डावं वळण आलं की मी बटण फिरवायचो, बाबा पुढे बसल्या बसल्या मान न वळवता ओरडायचे, "आक्का, बुक्की!" आणि मागून धप्प. दांडी बाहेर आल्याशिवाय बाबा गाडी वळवू द्यायचे नाहीत. वकिलानेच कायदा मोडला तर कसं, हे त्यांचं पालुपद. रस्त्यावर समोर एक बैलगाडी आणि दोन शेळ्या असल्या तरीसुद्धा.

त्या उन्हाळ्यात आक्का तापाने गेली. आमचं घर एकदम मुकं झालं. बाबा बहिणीसाठी रडले नाहीत, निदान आमच्यासमोर तरी नाही.

ती गेल्यावर डावी दांडी पार बंद पडली. आईने बुक्क्या मारल्या, मी मारल्या, माझ्या धाकट्या बहिणीने, कुसुमने तर लाथ घातली. मेहबूबमिस्त्रीने खांब उघडून पाहिला. आतली तार जळली होती. ती त्याने काढून टाकली आणि म्हणाला, "लढाई हाय म्हून सामान येत न्हाई साहेब. पुन्याहून नवी तार आली का बसवितो. तवर डावीकडं वळूच नका."

बाबा हसले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी बाबा आणि मी बाजारातून येत होतो. डावं वळण आलं. सवयीने मी बटण फिरवलं, आणि सवयीनेच बाबा ओरडले, "आक्का, बुक्की!"

धप्प.

दांडी बाहेर आली. दिवा लागला.

मागच्या सीटवर भाजीच्या पिशव्यांशिवाय काहीही नव्हतं. मी गाडी थांबवली. बाबा समोर बघत बसून राहिले. मी तशीच गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने खांब उघडला, बोटाने आत चाचपलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तार न्हाईच की हितं. म्याच काढलीया ना..." गाडी परत माझ्या ताब्यात देताना तो दोन पावलं लांबच उभा होता.

त्यानंतर असं अधूनमधून होत राहिलं. बाबांनी हाक मारली तरच, आणि तीही दर वेळी नाही. मी हाक मारून पाहिली, काही झालं नाही. मी डोकं खाजवून खाजवून थकलो. लोहचुंबक, उष्णता, रस्त्यातले खड्डे, सगळं वहीत मांडून झालं.

आई मात्र थकली नाही. तिचं माहेर मिरजगावचं. देवीला फुलं लावून कौल घ्यायची, मग पुढचं पाऊल टाकायचं, ही तिच्या माहेरची रीत. तिने गाडीलाच कौल लावायला सुरुवात केली! मनात प्रश्न धरायचा, बाबांना हाक मारायला लावायची. दांडी आली तर वन्सं हो म्हणाल्या, नाही आली तर नको. म्हैस घ्यायची का, इथपासून हे सुरू झालं. मला शेवगावकडची एक मुलगी सांगून आली होती, मला ती पसंतही होती. दांडी आली नाही. स्थळ परत गेलं. मी आईवर इतका चिडलो की दोन दिवस घरात जेवलो नाही. बाबा कायद्याचे पंडित, पण तेही गप्प. मला वाटतं, हाक मारायला निमित्त मिळतंय, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि मग तो दिवस आला.

आम्ही मिरजगावला मामांकडे गेलो होतो. सकाळी कुसुमच्या पोटात दुखायला लागलं. मामीने ओवा दिला, शेक दिला. दुपारपर्यंत पोरगी घामाने निथळत होती, पोटाला हात लावू देईना. तिथले डॉक्टर म्हणाले, "अपेंडिक्सची शंका येतेय. नगरला न्या, सरळ इस्पितळात. वाटेत कुठं थांबू नका."

तिला मागच्या सीटवर झोपवताना आई म्हणाली, "डोकं माझ्या मांडीवर ठेव गं." पण कुसुम अंग मुडपून उलट्या बाजूला कलंडली. डोकं डावीकडे, पाय आईच्या मांडीवर. तिला हलवायची आमची छाती झाली नाही.

त्या रस्त्याने मी जन्मात कधी तशी गाडी हाणली नसेल. मागून आधी कण्हणं ऐकू येत होतं, मग तेही थांबलं. कण्हण्यापेक्षा त्या शांततेचीच मला जास्त भीती वाटली. आई एकच वाक्य घोकत होती, "चिरफाड नको, हो. चिरफाड नको." तिची पाठची बहीण ऑपरेशनला गेली होती, ती परत आली नव्हती.

शहराच्या तोंडाशी चौक लागला. डावीकडे इस्पितळ, सरळ गेलं की आमचं घर. घराजवळच वैद्यबुवा राहायचे.

"थांबव," आई म्हणाली. "वन्संना विचारा. त्या हो म्हणाल्या तर न्या इस्पितळात. माझं काही म्हणणं नाही."

मी चौकातच थांबलो. मागे लष्करी ट्रकांची रांग येऊन थांबली, हॉर्न सुरू झाले. मी बटण फिरवलं.

"आक्का, बुक्की!"

काही नाही.

"आक्का! बुक्की!"

काही नाही. ट्रकमधला गोरा ड्रायव्हर खाली उतरून शिव्या देत होता. आरशात मला कुसुमचा एक हात दिसत होता, सीटवरून अर्धवट वर उचललेला.

तिसऱ्या वेळी बाबांचा आवाज फाटला. ती हाक नव्हतीच, गयावया होती. "आक्का... अगं पोर जातेय गं... बुक्की मार ना..."

दांडी हलली नाही.

"नको म्हणतायत," आई म्हणाली. ती रडत होती. "घरी चला. वैद्यबुवांना बोलवा. घरी चला!"

मी बाबांकडे पाहिलं. ते हातांनी तोंड झाकून बसले होते. मला आक्काचा राग आला, खरंच आला. मेलेल्या माणसाचा इतका राग येतो हे मला माहीत नव्हतं. "नसू दे तिची परवानगी," असं मी मोठ्याने म्हणालो आणि चाक डावीकडे फिरवलं. आईने मागून माझी कॉलर धरली. तशीच, ओढली जात असताना, मी गाडी इस्पितळाच्या दारात नेली.

ऑपरेशन झालं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, घरी नेलं असतं तर मुलगी हाती लागली नसती, असं सर्जन म्हणाले. आई भिंतीला टेकून बसली होती. ती माझी चुरगळलेली कॉलर सरळ करत राहिली.

दुसऱ्या दिवशी कुसुम नीट शुद्धीवर आली. आम्ही तिघेही खाटेशी होतो. चौकातल्या गोष्टीबद्दल चकार शब्द कुणी तिच्यासमोर काढला नव्हता. तिने पाणी मागितलं, ते मिळालं नाही म्हणून थोडी रुसली, आणि मग बाबांना म्हणाली,

"बाबा, तुम्ही आक्काला एवढं कशाला ओरडत होतात हो?"

बाबा तिच्याकडे वाकले.

"माझं डोकं तिच्या मांडीवर होतं. मला खूप भीती वाटत होती, म्हणून तिने माझे दोन्ही हात घट्ट धरले होते. तुम्ही आपले हाका मारताय, हाका मारताय. ती वैतागली शेवटी. म्हणाली, 'या बापूला कळत कसं नाही, माझे दोन्ही हात गुंतलेत ते! त्या मधूला म्हणावं, वळव तू.'"

बापू हे बाबांचं लहानपणचं नाव. मधू म्हणजे मी. बाबा उठून व्हरांड्यात गेले आणि खांबाला धरून मोठमोठ्याने रडले. आक्का गेल्यावरचं ते पहिलं रडणं. नर्स धावत आली, तिला वाटलं पेशंट गेला.

आईने त्यानंतर गाडीला कधी काही विचारलं नाही. बाबांनीही पुन्हा हाक मारली नाही. पुण्याहून तार आली, मेहबूबमिस्त्रीने ती बसवली, आणि दांडी चारचौघींसारखी बटणावर बाहेर यायला लागली. युद्ध संपल्यावर गाडी विकली.

ग्लानीत मुलीच्या कानावर हाका पडल्या असतील, बाकीचं तापातलं स्वप्न, असं सर्जन म्हणाले होते. मीही कुसुमला हे एकदा सांगून पाहिलं. ती आता आजी झाली आहे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मला चहा दिला. तिचं राहू द्या. पण तार काढलेली ती दांडी भर उन्हात, माझे हात चाकावर असताना, दिवा लावून बाहेर आलेली मी स्वतः पाहिली आहे, आणि एकदा नाही. मी फळ्यावर आयुष्यभर जे शिकवलं, त्यातलं काहीही तिथे लागू पडत नाही. कुणाला लागू पाडता आलं तर मला जरूर कळवा. मला अजून जमलेलं नाही.