शाळेचा शिक्का

सात इयत्ता आणि शिकवायला आम्ही दोघं, त्यातले गुरुजी निम्मं वर्ष रजेवर. चाकणजवळच्या त्या गावात मी अशी पाच वर्षं ओढली. पिंपरीला तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. त्याआधी माझ्या चार वर्षांत तीन बदल्या झालेल्या. ट्रंक उचलून उचलून इतकी विटले होते, की आता इथून मला कुणी हलवू नये, एवढं एकच मागणं उरलं होतं. शाळेची जागा पाटलांची, माझी खोली पाटलांची, आणि शाळा समितीचे अध्यक्षही तेच.

त्या आठवड्यात सातवीला अमेरिकेतल्या यादवीचा धडा चालू होता. मला तो शिकवायला आवडायचा. दक्षिणेकडचं एक राज्य, कापूस नि भात पिकवणारं. तिथली निम्म्याहून जास्त माणसं गुलाम. गुलामगिरी वाढू देणार नाही म्हणणारा माणूस अध्यक्ष निवडून आल्याबरोबर सगळ्यांच्या आधी तेच राज्य फुटून निघालं, आणि पहिली तोफही तिथंच डागली गेली. आमच्या घरातलं आम्ही बघू, तुम्ही कोण विचारणार, असा त्यांचा खाक्या. हे सगळं मी हात उडवून सांगत होते, तेवढ्यात पाटलांची मधली मुलगी उठली.

"बाई, ज्यांच्या घरी गुलामच नव्हते, ती गरीब माणसं कशाला लढायला गेली?"

"भीतीनं गं. आपल्या खालीही कुणी आहे, एवढीच त्यांची इस्टेट. तीही गेली तर काय, म्हणून गेली लढायला." वर हेही म्हणाले, की लाज वाटायला हवी होती मेल्यांना. नाकानं कांदे सोलायला माझं काय जात होतं!

गावचा येसकर माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरेच करायची. तेव्हा त्यात काही वाटायचं नाही, आता वाटतं. वेशीची राखण, मेलेलं ढोर ओढणं आणि आठवड्याचं टपाल पायी खेडला पोचवणं, ही त्याच्या घराण्याची पिढीजात कामं. टपालाची थैली शिवलेली असे. आत काय आहे ते त्याला कधी कळत नसे. त्याच्या भाऊबंदांनी ही कामं टाकून कारखान्याची वाट धरली होती. मागे हा एकटाच राहिला होता. आमच्याच शाळेत तो चौथी पास झाला होता, अर्थात ओसरीच्या बाहेर बसून.

बुधवारी तो आला. पिंपरीच्या कारखान्यात सोमवारी सकाळी भरती होती, आणि शाळेचा दाखला दाखवल्याशिवाय फाटकातून आत घेणार नव्हते. "एवढी बारी गेली तर पुन्हा न्हाई घ्यायचे, बाई. पोरीला तरी ढोरं वढायला लागू नयेत," म्हणाला. रजिस्टरात नाव सापडलं, जन्मतारीखही सापडली. शनिवारी घेऊन जा, असं मी सांगितलं. दाखला त्याच दिवशी लिहूनही ठेवला. शिक्का तेवढा मारायचा होता.

शुक्रवारी पाटील ओसरीवर येऊन बसले. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती.

"येसकराचा दाखला म्हनं मागितलाय. द्या की, न्हाई कोन म्हनतो? पर म्हैनाभरानं द्या. तो गेल्यावर मेलेलं ढोर कोन वढायचं? तुमी?"  मग उठता उठता म्हणाले, "तुमच्या खोलीचं छप्पर औंदा शाकारायचं हाय नव्हं, बाई?"

बस, एवढंच बोलले. मला धमकी अशी दिलीच नाही त्यांनी. पण मला ट्रंक दिसायला लागली.

शनिवारी शाळा सुटल्यावर तो आला. अंगात धुतलेला सदरा, डोक्याला नवा पटका. शिक्का माझ्या टेबलाच्या खणात होता आणि माझा हात त्या खणावर होता. मी म्हटलं, "अरे, शिक्का झिजला म्हणून बदलायला खेडच्या कचेरीत पाठवलाय. परवाच्याच टपालात गेला."

किती सहज जमलं मला! तो "व्हय का," म्हणाला आणि गेला. गेला घरी, सुटले, असं मला वाटलं. रविवारी पाटलांकडून ताक आलं, ते मी प्यायले.

सोमवारी दिवस मावळताना तो दारात उभा. सदरा धुळीनं माखलेला, पटका हातात. शनिवारी इथून निघाला तो घरी गेलाच नव्हता, थेट खेडला गेला होता. कचेरी बंद. रविवारीही बंद. दोन्ही रात्री तिथल्या कट्ट्यावर निजून त्याने सोमवारी कारकुनाला गाठलं. असला शिक्का आमच्याकडे आलाच नाही, म्हणून कारकुनाने त्याला हाकलून दिलं. पिंपरीची भरती तोवर आटपली होती.

मला वाटलं, आता हा मला विचारणार. विचारावं, असंही वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. खण तर माझ्या मागेच होता.

तो पायरीच्या खालीच उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "बाई, माज्याच हातनं पडला असंल. थैली उसवली असंल वाटंत, मला कळलं न्हाई. सगळा रस्ता धुंडाळत आलो, वढ्यातबी बघितलं. न्हाई गावला. तुमच्यावर बालंट यायचं माज्यापायी. माफी करा."

आणि मी, कप्पाळ माझं, त्याला माफ केलं. "असू दे, होतं असं कधी कधी," म्हणाले.