तलावाकाठची पंगत

स्वतःच्या पाहुण्यांना उपाशी ठेवून परक्यांना पोटभर जेवू घालणारा माणूस आमच्या भावकीत आजवर एकच झाला, आणि तो मी.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आम्ही मूळचे अमळनेरकडचे, राहायला सुरतेत नवागामला, आणि मी पॉवरलूमवर मास्तर. धाकटी बहीण सुनंदा, तिची दोन स्थळं फिसकटलेली. तिसरं आलं ते सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात साडीच्या दुकानात नोकरी करणाऱ्या मुलाचं, आणि तो सुनंदाला फोटोतच आवडला. "भाऊ, हे मोडलं तर जन्मभर तुझ्याशी बोलणार नाही," तिनं मला बजावलं. (आधीची दोन मी मोडली नव्हती, पण तिला संशय होता.)

आमच्या एका खोलीत पाहुणे बसवले असते तर आम्हाला गल्लीत उभं राहावं लागलं असतं. म्हणून मीच सुचवलं, शहराबाहेरच्या तलावाकाठच्या रिसॉर्टात कार्यक्रम करू! एकदा शेठचा निरोप घेऊन मी तिथे गेलो होतो आणि पुढे आठवडाभर घरात दुसरा विषय काढला नव्हता. कामं वाटली गेली. मध्यस्थ सुकामामा पाहुण्यांना घेऊन येणार, दादा म्हणजे आमचे वडील मोठ्या रस्त्यावर थांबणार, आई सुनंदाला आतल्या खोलीत तयार करणार, आणि जेवणाची व्यवस्था माझ्याकडे. घोळ इथूनच सुरू झाला.

आम्ही पोचलो तेव्हा सूर्य तलावात उतरत होता. केशरी पाणी, काठावर दगडी पायऱ्या, पांढऱ्याशुभ्र चादरी घातलेली टेबलं! मी आपोआप चपला काढून हातात घेतल्या.

"पहेरी लो, भाई! आ मंदिर नथी," मगनकाका हसले. हे तिथले सर्वांत जुने वेटर. मी भारावलोय हे बघून त्यांना चेव चढला आणि त्यांनी मला आतल्या जुन्या दालनात नेलं. इथे म्हणे आधी एका पारशी बावाजीचं ताडीचं दुकान होतं. मग साहेबलोकांचा क्लब झाला. बँड वाजायचा, मडमा नाचायच्या आणि जेवायला कोट घातल्याशिवाय कुणाला आत घेत नसत! दारूबंदी आली आणि बाटल्यांच्या जागी सोडा आला. ज्या सागवानी काउंटरवर प्याले सरकत, तिथे आता बडीशेपेची वाटी आणि गणपती. भिंतीवर पिवळे पडलेले फोटो. मी त्या काउंटरवरून हात फिरवला आणि अंगावर खरंच काटा आला. आपल्या सुनंदाचं इथे जमणार!

एवढा इतिहास अंगात भिनवून मी बाहेर आलो, तर तलावाला लागून असलेल्या लांब टेबलावर दहा-बारा माणसं बसलेली. मधोमध पांढरी टोपी घातलेले भारदस्त गृहस्थ. पाहुणे आले! मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, पण टोपी पाहिली आणि खात्री पटली. सुकामामा, दादा आणि मुलगा मागून येत असतील, असं मी धरून चाललो. धावत जाऊन पाया पडलो.

"जुग जुग जीवो," गृहस्थ म्हणाले. सुरतेत राहून पाहुणे गुजराती छान बोलतात, असं वाटून मला आणखीच आदर वाटला.

आता आमच्याकडची रीत अशी, की मुलाकडची पंगत उठेपर्यंत मुलीकडचा माणूस बसत नाही, आणि वाढतो तो स्वतः. पाहुण्यांना वेटरनं वाढायचं? दादांची मान खाली जाईल! मी मगनकाकांच्या हातातलं ताट ओढून घेतलं. "आमचं सगळं जेवण या टेबलावर आणा!" असं फर्मान सोडलं आणि सुटलो.

"घ्या, एक पुरी!"

"बस, भाई, बस!"

"बस कसं? माझी शपथ आहे!"

टोपीवाल्यांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. मी बोटांच्या फटीतून जिलबी सोडली. एक बाई उठून पळू लागल्या, त्यांच्यामागे मी बासुंदी घेऊन पायऱ्यांपर्यंत गेलो. "आवी सर्विस क्यांय नथी जोई!" टोपीवाले धापा टाकत म्हणाले. अशी सर्व्हिस कुठे पाहिली नाही म्हणे! माझी छाती फुगली.

तेवढ्यात मागून कुणीतरी शर्ट ओढला. आई.

"पका! ह्या कोन शेतस?"

"पाहुणे."

"पाव्हना तठे शेतस! कवयना उपाशी बसेल शेतस!"

मी वळून पाहिलं. कोपऱ्यातल्या टेबलावर सुकामामा, दादा, नवरामुलगा आणि त्याचे वडील, समोर पाण्याचे पेले. अर्ध्या तासापासून ते माझा पराक्रम बघत होते. सुनंदा पदर तोंडाला लावून उभी होती आणि तिचे डोळे भरले होते. धरणी दुभंगावी असं लोक का म्हणतात, ते मला त्या क्षणी कळलं. स्वयंपाकघरात विचारलं, तर उरला होता फक्त डाळभात.

मी डाळभाताचं पातेलं घेऊन मुलाच्या वडिलांपुढे उभा राहिलो. "चूक माझी आहे. राग माझ्यावर काढा, तिच्यावर नको," एवढंच म्हणालो.

त्यांनी शांतपणे भात कालवला. दोन घास खाल्ले. मग नवरामुलाला ठसका लागला. तो बराच वेळ हसू दाबत होता! त्याच्याकडे बघून सुनंदाही हसली, आणि मुलाचे वडील दोघांकडे बघत राहिले.

"पोरगी आमले पसंत शे," ते म्हणाले. "पन एक अट शे."

दादांनी हात जोडले. "बोला. काय द्यायचं?"

"देनंघेनं काही नही. लगीनमा या पोरना हातमा वाढाले काही देऊ नका."

दादांनी अट पाळली. सख्ख्या बहिणीच्या लग्नात वऱ्हाडाच्या पहिल्या पंगतीत बसून जेवलेला खानदेशातला पहिला भाऊ मीच असेन. तेही दोन्ही बाजूंना एकेक मामा राखणीला बसवून!